उद्या चारला येतो

आई गेली तेव्हा भेटायला आलेल्या बायका डोळे पुसता पुसता माझ्या मावसभावाकडे बघत होत्या. तिशीतला निखिल जन्मापासून स्वमग्न, ऑटिस्टिक आहे. तो रडला नाही. बाबांशेजारी खुर्ची ओढून नुसता बसला.

"याला भावना नसतात ना गं?" एकीने त्याच्यासमोरच विचारलं आणि शेजारून आलेल्या चहाला नाक मुरडलं. आपल्याकडे दुःखही ओलं दाखवावं लागतं, नाहीतर कुणी ते खरं धरतच नाही.

उठताना निखिल बाबांना म्हणाला, "उद्या चारला येतो."

"अरे, सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणू नये!" सगळ्या दचकल्या.

दुसऱ्या दिवशी चारला तो आला, त्याच खुर्चीत बसला. बाबा पहिल्यांदा रडले, त्याच्याजवळ.

त्या बायकांनी रीत चोख पाळली. 'येते' म्हणाल्या नव्हत्या, आल्याही नाहीत.