मुळं आभाळाकडे

एल्विराबाई गेल्याचं मला केळापूरच्या रस्त्यावरच्या फ्लेक्सनं सांगितलं. वर सात पुढारी, सातही जिवंत आणि हसतमुख. खाली उरलेल्या जागेत बाई. 'वृक्षमाता' अशी पदवीही बहाल केलेली. फोटो मीच कधीतरी काढलेला होता. त्यात बाईंनी घाणेरीचं उपटलेलं झुडूप मुळं वर करून धरलं होतं, मेलेला ससा मागच्या पायांनी धरतात तसं. फोटोत काहीतरी चुकलंय असं फ्लेक्सवाल्याला वाटलं असणार... त्यानं झुडूप तेवढं सरळ करून टाकलं होतं. आता बाई फुललेली घाणेरी छातीशी धरून उभ्या होत्या. हयातीत त्यांनी कुणाला इतक्या मायेनं धरल्याचं मला आठवत नाही.

बाई मूळच्या बोलिव्हियाच्या. गवताळ रानांचा अभ्यास करायला बावीस वर्षांपूर्वी आल्या आणि केळापुरात भाड्याच्या एका खोलीत राहिल्या त्या राहिल्याच. घाणेरी, म्हणजे आमच्याकडची रायमुनिया, त्यांच्याच खंडातली. गोऱ्या साहेबांनी ती बंगल्यांच्या शोभेसाठी आणली. साहेब गेले, ती रानभर झाली, आणि तिच्याखाली गवताची काडी उगवेना. बाईंनी गायरानातले दहा एकर निवडले आणि शेजारच्या पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या सुगंधाबाईला जोडीला घेऊन ते हातांनी साफ केले. पद्धत ठरलेली. गैतीनं, म्हणजे टोकदार कुदळीनं, मूळ जमिनीखाली तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. सरळ पडलं तर ते पुन्हा जीव धरतं.

"बाई, तुमच्या माहेरचं झाड हाये, जरा मायेनं उपटा!" सुगंधाबाई चिडवायची.

"माहेरचं हाये म्हनून तं मुळासकट."

मराठी त्या सुगंधाबाईकडूनच शिकल्या होत्या. मी वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. माझ्या मराठीला त्या हसत आणि माझ्या शास्त्राला त्याहून जास्त. "सर, तुमी झाडाईवर पुस्तक लिवलं. एक तरी उपटलं का?" रोज सकाळी रानाकडे जाताना त्या माझ्या फाटकावर गैतीचा दांडा तीनदा आपटत. मी रोज झोपेचं सोंग घेई.

त्यांच्याविषयी गोड लिहायचं तर खोटं लिहावं लागेल. माझी बायको सुमन गेली, तेव्हा चौदाव्या दिवशी बाई भेटायला आल्या. फाटकाशी सुमननं लावलेली घाणेरी होती, पिवळ्या-गुलाबी फुलांची. शेवटच्या आजारात ती खिडकीतून तेवढीच बघत पडलेली असे. बाई आत आल्या, पाणी प्यायल्या. जाताना त्यांनी ती घाणेरी उपटली आणि माझ्या पायरीवर उलटी ठेवली.

"आज तरी राहू द्यायची होती," मी म्हणालो.

"पाखरं आज बी फळ खातात, सर."

वर्षभर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही. पुढे गायरानावर पवन्या आणि मारवेल गवत कमरेएवढं वाढलं, चंडोल घरटी करू लागले, आणि ते बघायला मी लाजत लाजत जाऊ लागलो... नागपूरच्या दवाखान्यात शेवटची भेट झाली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझं काई करू नका. गवत पाहा." मी हो म्हणालो. दवाखान्यात सगळेच हो म्हणतात.

स्मारक समिती झाली आणि शिकलेला, शिवाय रिकामा म्हणून अध्यक्ष मी झालो. बैठकांना गेलो नाही, घरी आलेल्या कागदांवर सह्या करत राहिलो. उद्घाटनाला गेलो तर गायरानाच्या मधोमध 'माजलेलं गवत' जेसीबीनं खरवडून पेव्हर ब्लॉक बसवलेले, भोवती कुंपण, फाटकाला कुलूप, चावी अध्यक्षाकडे. आणि बाईंच्या फोटोभोवती, फ्लेक्सवर पाहून त्यांच्या आवडीची म्हणून, नर्सरीतून आणलेली घाणेरी. फुलांवर आलेली. "ज्या फुलांवर ताईंनी जीव लावला..." पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या. मग माइक माझ्या हाती आला. एक वाक्य पुरलं असतं. मला सुमनची खिडकी आठवली. मी बाईंच्या निसर्गप्रेमावर चार शब्द बोललो, शाल घेतली आणि बसलो. मी घाबरलो नव्हतो. मला बरं वाटलं होतं.

परतताना सुगंधाबाईनं घरापर्यंत पाठ सोडली नाही.

"सर, तुमाले दिसलं नाई का थे?"

"दिसलं."

"मंग?"

तिनं खांद्यावरची गैती माझ्या फाटकाला टेकवली. "बाईची हाये. चावी तुमच्यापाशी हाये."

पुढचा महिनाभर बुलबुल स्मारकावर येऊन फळं खात होते. मी लोकांकडून ऐकत होतो, चावी खिळ्याला होती. एका सकाळी फाटकावर सुगंधाबाईचे तीन ठोके पडले...

समितीनं आता तक्रार लिहिली आहे. अज्ञात समाजकंटकांनी स्मारकाची नासधूस केली, सर्व रोपं उपटून मुळं वर करून ठेवली. कुलूप शाबूत कसं, हे कुणालाच उलगडत नाही. तक्रारीवर अध्यक्षाची सही हवी आहे. कागद टेबलावर पडला आहे, गैती दाराआड आहे, तिच्या पात्याला काळी माती वाळली आहे. ब्लॉकखालचं गवत काही परत येणार नाही. आणि बुलबुलांनी बी कुठे कुठे नेलं ते पावसानंतर दिसू लागलं आहे. दहाही एकरांत कोवळी घाणेरी वर येते आहे.

म्हणून रोज सकाळी तीन ठोके पडतात आणि मी उठतो. हात सोलवटतात, पाठ धरते. सुगंधाबाई कौतुकाचा शब्द काढत नाही. चुकून एखादं रोप मी सरळ ठेवलं, तर न बोलता येते आणि पायानं ते उलटं करून जाते.