मेस्त्रींनी न सांगितलेला बिघाड

दत्तप्रसाद मेस्त्री खोटं बोलू शकतात हे मला नऊ वर्षांत एकदाच कळलं. कळलं तेव्हा मी त्यांच्यावर भडकले होते. आता त्या भडकण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहिते आहे.

इथे आखातात, मीना सलमान बंदरावरच्या गोदामांच्या रांगेत आमचं वर्कशॉप आहे. बोटींचे पंप, व्हॉल्व्ह, क्रेनची हायड्रॉलिक असली कामं. मालकांकडे शिकारी बंदुका दुरुस्त करायचाही परवाना आहे, त्यामुळे वर्षाकाठी दहापंधरा बंदुका येतात. त्या लोखंडी कपाटात कुलूपबंद राहतात. एक किल्ली मेस्त्रींकडे, दुसरी माझ्याकडे. मी मृणाली, ठाण्याची. जॉबकार्ड लिहायची, परवान्यांचे फॉर्म भरायचे आणि लोकांच्या मागे लागायचं ही माझी कामं. तिसऱ्या कामात मी विशेष हुशार आहे. माझं टेबल काचेच्या केबिनमध्ये आणि काचेपलीकडे आठ पावलांवर मेस्त्रींचं कामाचं टेबल.

मेस्त्री कुडाळकडचे, वय अठ्ठावन्न. शहरातल्या गुदैबिया भागात एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहतात, पण चौघांच्या शिफ्ट वेगळ्या, त्यामुळे भेट होते ती फक्त दारातल्या चपलांची. बायको सत्यवती दोन हजार वीसच्या मे महिन्यात गेली. विमानं बंद होती. त्यांनी सगळं मोबाइलवर पाहिलं, तेही नेटवर्क तुटत तुटत, आणि दुसऱ्या दिवशी कामावर येऊन दोन व्हॉल्व्ह बसवले. मी "सॉरी काका" म्हटलं आणि रजेचा फॉर्म पुढे केला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला, भरला नाही. मुलगा प्रवीण पुण्यात असतो. रविवारी फोन करतो आणि फोन लागल्या लागल्या कुठेतरी निघालेला असतो.

माणूस बोलायला कमी, पण हाताला गुण. आमच्याकडचे इतर फिटर काही अडलं की आधी कानस उचलतात. मेस्त्री कानस शेवटी घेतात, आणि बहुतेक वेळा घेतच नाहीत. "घासलेला परत येणा नाय, मॅडम," असं ते मला एकदा म्हणाले होते. नऊ वर्षांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब भाषण.

गेल्या नोव्हेंबरात बू राशिद आला. इथे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारतात. बू राशिद, म्हणजे राशिदचा बाप. बंदरातून क्रेन सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेला, पांढऱ्या दाढीचा, गुडघ्यांनी त्रासलेला आणि हिंदी आमच्यापेक्षा सफाईने बोलणारा माणूस. दर हिवाळ्यात तो मुलाला घेऊन परदेशी डोंगरात शिकारीला जातो. त्यासाठी नवीकोरी रायफल घेतली होती आणि तिचा बोल्ट लागत नव्हता.

बोल्ट म्हणजे रायफलच्या मागच्या बाजूने आत जाणारी पोलादी दांडी. हँडल धरून पुढे ढकलायची आणि खाली वळवायची, की तिच्या तोंडाशी असलेले दोन कान आतल्या खाचांत अडकतात आणि गोळी उडते तेव्हा तो सगळा धक्का तेच कान पेलतात. या रायफलचं हँडल अर्ध्यावर येऊन अडत होतं.

मेस्त्रींनी आधी ती रिकामी असल्याची खात्री केली, नळीतून उजेडाकडे पाहिलं. मग आतल्या खाचांतलं कारखान्याचं घट्ट ग्रीस ब्रशने खरवडून धुऊन काढलं. नव्या मालात निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. इथे झालं नाही. आत काडतूस नव्हतंच, म्हणजे दोष काडतुसाचाही नाही. बू राशिद म्हणाला, "मफी मुश्किल," म्हणजे काही हरकत नाही, "मैं कल आएगा," आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्रींनी खणातून एक पितळी डबी काढली. काजळाची. बोटाच्या टोकाने बोल्टच्या दोन्ही कानांवर काजळाचा पातळ हात फिरवला, बोल्ट हलकेच आत घातला, अडेपर्यंत वळवला आणि बाहेर काढला. लोखंड जिथे घासतं तिथलं काजळ पुसलं जातं, म्हणजे अडचण कुठे आहे ते दिसतं. यासाठी वर्कशॉपात निळ्या रंगाची बाटली आहे, पण नाजूक कामाला ते ही डबीच वापरतात. प्रवीण तान्हा असल्यापासून सत्यवती घरी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरायची, नंतर नवऱ्याच्या कामासाठीही धरून पाठवू लागली. आता डबीचा तळ दिसायला लागला होता.

त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग बोल्ट उलटा करून हँडलखाली पाहिलं, मग नळीवर पाहिलं. नंतर सगळं पुसून फडक्यात गुंडाळून ठेवलं.

"काका, काय निघालं? कार्डवर काय लिहू?"

"तपास चालू असा, म्हणान लिवा," ते म्हणाले.

दुपारी तीनच्या सुमाराला, अस्रची नमाज आटोपून, बू राशिद आला. "क्या दत्तू, खलास?" मेस्त्री म्हणाले, "अभी नहीं, बू राशिद. देखना पडेगा." त्यांना नावाने हाक मारणारा त्या वर्कशॉपात दुसरा कोणी नव्हता. म्हाताऱ्याने प्लास्टिकची खुर्ची ओढली, समोरच्या कॅफेटेरियातून दोन चहा मागवले आणि पाच वाजेपर्यंत बसला.

मग तो रोजच येऊ लागला. गुडघे, बाजारातली मासळी, हल्ली तांदळाला वासच येत नाही, असलं बोलणं. मेस्त्रीही बोलायला लागले. त्यांच्या वडिलांकडे रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक होती. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. वडील चार मैल चालत जाऊन ती देऊन येत आणि परतताना रिकाम्या खांद्याचं काय करावं ते त्यांना कळायचं नाही. बू राशिद यावर इतका हसला की ती गोष्ट त्याने तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगायला लावली. मेस्त्रीही हसले. नऊ वर्षांत मी ते पहिल्यांदाच ऐकलं. आधी मला वाटलं कॉम्प्रेसरचा पट्टा सुटला.

पाचव्या दिवशी मेस्त्री गुदैबियातल्या दुकानातून चिक्की घेऊन आले. खुर्चीवर एक उशी आली. अडीच वाजले की त्यांचं लक्ष फाटकाकडे लागायचं. आणि जॉबकार्डावर रोज माझ्या अक्षरात तीच ओळ: तपास चालू.

आठव्या दिवशी बू राशिदने आपणहून मुलाची गोष्ट काढली. दोघांनी एकसारख्या दोन रायफली मागवल्या होत्या. दोन्ही खोकी घरच्या बैठकीत एकाच गालिच्यावर उघडली. तिथेच राशिद म्हणाला, या वर्षी जायचं नाही, डॉक्टरांनी तुमच्या हृदयाबद्दल काय सांगितलंय ते विसरलात का. बापाचं डोकं फिरलं. नको ते बोलला. मुलगा आपली रायफल उचलून सनाबिसला आपल्या घरी गेला. तीन आठवडे झाले, एकमेकांना फोन नाही.

"तो भी मैं जाएगा," म्हातारा म्हणाला. "गुरुवार को. अकेला."

मेस्त्रींनी त्याच्यापुढे चिक्कीचा पुडा सरकवला.

अकराव्या दिवशी, सोमवारी, मी रायफल परदेशी न्यायचा फॉर्म भरायला घेतला. त्यात नळीवरचा नंबर लिहावा लागतो आणि बोल्टवरचाही. नळीवर शेवटी सेहेचाळीस. बोल्टवर सत्तेचाळीस. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गालिच्यावर दोन खोकी, दोन सुटे बोल्ट आणि मध्ये भांडण. राशिद बापाचा बोल्ट घेऊन गेला होता. जे मला फॉर्म भरताना दिसलं, ते या माणसाला भिंगातून दिसलं नसेल?

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी दोन्ही नंबर कागदावर लिहून त्यांच्या टेबलावर आपटले. "काका, हे दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसला."

"कधी?"

"दुसऱ्याच दिसाक."

मी बरंच बोलले. गिऱ्हाईक, परवाना, गुरुवारचं विमान, माझ्या अक्षरातली अकरा दिवसांची खोटी नोंद. ते मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "सांगलंय असतंय, तर तो परत इलो नसतो. हय कोण येता बसाक?"

मी रागातच होते, त्यामुळे ते वाक्य मला तेव्हा नीट ऐकूच आलं नाही. "आज सांगा," म्हटलं आणि केबिनमध्ये परत आले.

तीन वाजता बू राशिद आला. त्या दिवशी तो बसला नाही. "दत्तू, बहुत दिन हो गया. थोडा फाईल मार दो. इतना सा तो अटकता है."

खरं तर मेस्त्रींना सोपं होतं. दोन हात कानस मारली असती तर हँडल खाली आलं असतं, म्हातारा खूश होऊन गेला असता आणि त्यांचं गुपित गुपितच राहिलं असतं. पण घासल्यावर सगळा धक्का एकाच कानावर येऊन ती रायफल एखाद्या दिवशी डोळ्याशेजारी फुटली असती. मेस्त्रींनी कानस खणात ठेवून खण बंद केला.

"ये बोल्ट आपका नहीं है, बू राशिद. राशिद का है. आपका उसके पास है. बदली करो, तो आधे मिनिट में बंद होगा."

म्हाताऱ्याने बोल्ट हातात घेतला, हँडलखालचा नंबर डोळ्यांजवळ नेला. "कब मालूम हुआ?"

"दूसरे दिन सुबह."

"फिर इतना दिन क्यों?"

"आप आते थे," मेस्त्री म्हणाले.

मला वाटलं आता म्हाताऱ्याचा आवाज चढणार. पण त्याने बोल्ट फडक्यात ठेवला, खिशातून फोन काढला आणि फाटकापाशी गेला. तो कोणाशी बोलतोय ते काचेतून ऐकू येत नव्हतं. पण बोलता बोलता त्याने दुसऱ्या हाताने फाटकाची सळई धरली होती, आणि ती बराच वेळ सोडली नाही.

बुधवारी बापलेक दोघं आले. राशिद पस्तिशीचा, बापासारखाच रुंद. त्याने आणलेला बोल्ट मेस्त्रींनी म्हाताऱ्याच्या रायफलमध्ये घातला आणि अंगठ्याने हँडल खाली केलं. बारीक आवाज होऊन ते बसलं. गुरुवारचं तिकीट त्यांनी रद्द केलं होतं. आधी डॉक्टर, मग जानेवारीत दोघं मिळून, असं ठरलं होतं. मी चहा मागवते म्हटलं, तर बू राशिद म्हणाला, गाडी चुकीच्या जागी उभी आहे. जाताना त्याने मेस्त्रींचा हात दोन्ही हातांत धरला. "आएगा मैं, दत्तू. इंशाल्ला."

कार्डवर मी लिहिलं: बोल्ट बदलला, काम पूर्ण.

तो आला नाही. त्याचा मी राग धरत नाही. त्याच्या घरी माणसं होती. पहिला आठवडा मेस्त्री अडीचला फाटकाकडे बघत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी उशी काढून कपाटावर ठेवली. चिक्कीचा उरलेला पुडा माझ्या टेबलावर आणून दिला, "मॅडम, ह्या तुमका," आणि लगेच वळले.

त्या दिवशी ते वाक्य मला ऐकू आलं. हय कोण येता बसाक. मी आठ पावलांवर होते, नऊ वर्षं. त्यांची बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी त्यांच्यापर्यंत फॉर्म घेऊनच गेले होते.

तीन वाजता मी दोन चहा मागवले आणि बाहेर जाऊन त्या खुर्चीत बसले. मेस्त्रींनी हातातला व्हॉल्व्ह खाली ठेवला आणि घाईघाईने उठून उभे राहिले.

"काय काम होता, मॅडम?"

"काम नाही काका. बसा."

ते बसले नाहीत. हात फडक्याला पुसत, मी काम सांगायची वाट बघत, चहा गार होईपर्यंत तसेच उभे राहिले.