बिनचोचीचा राघू

माझ्या भावजयीला साड्यांचं वेड लागलं ते पन्नाशी ओलांडल्यावर. त्याआधी ती सिंथेटिक नेसायची, इस्त्री लागत नाही म्हणून त्याचं कौतुक करायची आणि आमच्या आईच्या सुती लुगड्यांना ‘पायपुसण्याचा माल’ म्हणायची. माझ्या कानांनी ऐकलंय मी. मग गंगापूर रोडवरच्या तिच्या मैत्रिणींनी ग्रुप काढला. हातमागाचं नेसायचं, दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, कुठला काठ कुठल्या गावचा ते एकमेकींना सांगायचं, फोटो काढायचे. बघता बघता बाईसाहेब अशा बदलल्या की विचारू नका. ‘साडी’ शब्द गेला, ‘टेक्स्टाइल’ आलं. गोधडी दिसली की डोळ्यांत पाणी. अहो, जिच्या घरी माझ्या आईची गोधडी कुत्र्याच्या खाली घातली होती, तिच्या डोळ्यांत!

चांगलंच आहे म्हणा. विणकरांना काम मिळतं, जुनं टिकतं. ह्याला माझी ना नाही. माझं भांडण एका लुगड्यापुरतं आहे.

आई येवल्याची. तिला एकच भाऊ, माझा मामा. तो दुसऱ्याच्या मागावर पैठणी विणायचा. लोकांच्या लेकींच्या लग्नाचं विणता विणता स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं त्याचं. त्याने आयुष्यात एकच नऊवारी लुगडं घरच्यासाठी विणलं, ते आईला. वांगी रंगाचं, पदरावर राघूंच्या रांगा. शेवटच्या रांगेच्या टोकाचा राघू विणताना मामाला ताप होता, आणि त्या राघूला चोचच नाही. बाकी सगळे ऐटीत, हा एकटा बोळक्या म्हाताऱ्यासारखा. आई पेटीतून लुगडं काढायची तेव्हा आधी त्याच्याकडे बघायची. ‘ह्यो बघ तुझा मामा,’ म्हणायची आणि हसायची.

तिने ते नेसलं कधी नाही. आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भाऊ आणतो, भाऊ नसेल तर भाचा आणतो. आईचा भाऊ गेला, त्याच्यामागे कुणी नाही, येवल्याची जागाही गेली. ‘माझं माहेर आता ह्या पेटीत हाय,’ ती म्हणायची. लुगडं तिने त्यासाठी ठेवलं होतं. मला लग्नानंतर लगेच सांगून ठेवलं होतं, आणि माझ्या भावालाही. सरळ सांगितलं होतं, आडून नाही. आईला मरणाचं बोलायची लाज वाटायची नाही.

वडील गेल्यावर ती भावाकडे राहायला आली. भाऊ ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेला, घर मोठं, आईला खालची खोली. मी नाशिक रोडला. आठवड्यातून एकदा बस पकडून जायची. एका चैत्रात मी गेले तर आईने पेटी उन्हात मांडली होती आणि बाजेवर लुगडं पसरून त्यातला कडुलिंबाचा पाला झटकत होती. भावजय गच्चीवर आली आणि किंचाळलीच.

‘आई! हे इतकी वर्षं तुमच्या पेटीत होतं?’

‘हां. ते माझ्या मरणाचं हाय.’

‘म्हणजे?’

‘म्हंजे मी गेल्यावर अंगावर घालायचं. माहेरचं.’

भावजय खाली बसली. लुगड्याला हात लावायचीही हिंमत होईना तिची. ‘हे जाळायचं?’ ती म्हणाली. ‘आई, असं काम आता बघायला मिळत नाही हो. ही कला आहे. कला कुणी जाळतं का?’

‘कला न्हाई गं,’ आई म्हणाली. ‘माझं लुगडं हाय ते.’

परतीच्या बसमध्ये मी ह्यावर बराच विचार केला. भावजयीचं अगदीच चूक होतं असं नाही. राख झाल्यावर त्या राघूंचा कुणाला काय उपयोग? पण मामाने ते भिंतीसाठी विणलं नव्हतं, बहिणीसाठी विणलं होतं. त्याच्या पुढे बोलायचं काही उरत नाही, असं मला वाटलं. वाटलं आपलं.

त्याच महिन्यात भावजयीने चैत्रातलं हळदीकुंकू केलं. सगळा ग्रुप आला, काठापदराचा नुसता बाजार. कैरीची डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्याने ओट्या. आई तिच्या खोलीत बसली होती. विधवा बाई, हळदीकुंकवात यायची नाही. तर ह्या सगळ्या तिच्या दारात. त्यांतली एक मोठी चित्रकार, ती हात जोडून म्हणाली, ‘आजी, आमचं प्रदर्शन आहे, तुमची पैठणी द्याल का?’

आता ही गोष्ट भावजयीला पक्की माहीत होती, म्हणून सांगते. आईच्या लेखी हळदीकुंकवाला आलेली सवाष्ण म्हणजे देवी. तिने त्या दिवशी तोंडाने मागितलेलं विधवा बाईने नाकारायचं नाही, नाहीतर तिच्या सौभाग्याला आपली दृष्ट लागते. आईने असं आमच्या घरातलं पितळेचं घंगाळही देऊन टाकलं होतं एकदा. भावजयीने स्वतः मागितलं असतं तर आईने तिला झटकून लावलं असतं. म्हणून तिने मैत्रिणीला मागायला लावलं, आणि तेही कपाळावर ताजं कुंकू असताना.

आईने पेटी उघडली. ‘आणून द्या पण,’ एवढंच म्हणाली.

‘अगदी जपून आणू, आजी.’

प्रदर्शन गंगापूर रोडच्याच एका हॉलमध्ये होतं. भावजयीने आईला गाडीत घालून नेलं, सरप्राइज म्हणून. मलाही बोलावलं. आत पांढऱ्या भिंती, पिवळे दिवे, घोंगड्या टांगलेल्या, गोधड्या टांगलेल्या, माणसं हातात वाइनचे ग्लास घेऊन टाक्यांकडे बघतायत. आईला पहिल्या रांगेत बसवलं. शाल दिली, नारळ दिला. मग पडदा बाजूला झाला आणि समोर काचेत मामाचा पदर.

नुसता पदर. चौकट करून, ताणून, वर दिवा सोडलेला.

मला आधी कळलंच नाही. मग भावजय व्यासपीठावर आली. तिच्या अंगात वांगी रंगाचं जाकीट, काठ बरोबर बटणपट्टीवर आणलेला. मागून चित्रकार बाई आल्या, त्यांच्या अंगात तसंच. तिसरीच्या अंगातही तसंच. ‘एका वस्त्राचा पुनर्जन्म,’ असं कुणीतरी माइकवर म्हणालं आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. आईसुद्धा वाजवायला लागली. सगळे वाजवतात तेव्हा वाजवायच्या असतात, एवढंच तिला माहीत. वाजवता वाजवता तिचे हात थांबले.

‘बाकीचं कुठंय?’ तिने मला विचारलं.

मी काय सांगणार, डोंबल? बाकीचं टाळ्या घेत होतं.

चित्रकार बाई आईच्या पाया पडायला वाकल्या तेव्हा आईने त्यांच्या जाकिटाची बाही दोन बोटांत धरली आणि शिवण चाचपली. ‘बारीक मारलीय,’ ती म्हणाली. ‘उसवायला तरास व्हईल.’ त्या बाईंना वाटलं कौतुक चाललंय. त्यांनी फोटो काढून घेतला. तो फोटो अजून फिरतोय मोबाइलवर. आई त्यात हसतेय असं लोकांना दिसतं.

त्यानंतर आईने एकच धोशा लावला. ती रडली नाही, भांडली नाही. ती मागत राहिली. ‘जे ऱ्हायलं असंल ते दे. मी जोडून घेते.’ भावजय म्हणायची, देते की. पदर तर आता पुण्याच्या प्रदर्शनाला गेलाय. मैत्रिणींकडून परत मागणं बरं दिसत नाही. माझं जाकीट देईन ना, आई, तुमच्यापेक्षा जास्त आहे का ते? मी भावाला वेगळं गाठून सांगितलं, ‘अरे, तुला तरी माहीत होतं ना ते कशाला ठेवलंय?’ तो म्हणाला, ‘ताई, आईला मी नवी पैठणी आणेन की. ह्याच्यापेक्षा भारी.’ लेकाने आणलेलं माहेरचं होत नाही, हे त्याला माहीत नाही असं नाही. पण बायकोने शब्द शिकवले की पुरुषाला तेवढेच शब्द येतात.

आई शेवटी शेवटी जेवणाच्या ताटासमोर बसून भावजयीच्या अंगाकडे बघायची. आज काय घातलंय ते. रोज.

आणि गेली. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि कलंडली. मी पोहोचले तेव्हा तिला हॉलमध्ये घेतलं होतं, आंघोळ झाली होती, बायका तिला नेसवायच्या तयारीत होत्या. माझ्या मावसबहिणीने विचारलं, ‘माहेरचं लुगडं कुठंय गं?’

मी वर गेले. भावजयीचं कपाट उघडलं. जाकीट समोरच, हँगरला, वरून मलमलचं फडकं. मी ते काढलं आणि वळले तर ती दारात. डोळे रडून सुजलेले. खोटं रडत नव्हती ती, तेवढं मी म्हणेन. आईवर जीव होता तिचा, तिच्या पद्धतीचा.

‘ताई, ते नको.’

‘तू कबूल केलं होतंस.’

‘जळेल हो ते!’

‘मग? जाळायलाच नेतोय तिला.’

तिने एक बाही धरली. मी दुसरी धरली. खाली आई उघडी पडलेली आणि वर आम्ही दोघी, साठीच्या आसपासच्या बायका, एका जाकिटासाठी ओढाताण करतोय. कुठेतरी तटकन एक टाका गेला. ती ओरडली, ‘फाटेल!’ आईला वारून तास दोन तास झाले होते आणि ही मेली टाक्यासाठी ओरडत होती. माझ्या अंगात तेव्हा काय संचारलं ते मला माहीत, मी तिला ढकललंच असतं. तेवढ्यात भाऊ आला. त्याने आम्हा दोघींच्या हातांतून जाकीट काढून घेतलं. मला वाटलं, आता हा खाली घेऊन जाईल. त्याने ते हँगरला नीट लावलं, वरून फडकं घातलं, कपाट बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

‘ताई, आज तमाशा नको,’ तो म्हणाला. ‘लोक खोळंबलेत.’

पंचवटीत अंत्यविधीचं सामान मिळतं तिथून कुणीतरी साडी आणली होती. पाचवारी, हिरवट, आरपार दिसणारी. ती आईला नऊवारीसारखी नेसवता येईना, म्हणून नुसती गुंडाळली. वर दुकानाचा स्टिकर तसाच होता. मी नखाने काढायला गेले तर अर्धा निघाला, अर्धा राहिला. तशीच गेली माझी आई. ज्या बाईने जन्मभर सिंथेटिक अंगाला लावलं नाही, ती त्यात गेली. आणि त्याच आठवड्यात पुण्यात तिच्या पदराखाली पाटी लागली होती, ‘एका आजीने प्राणपणाने जपलेला वारसा’. भावजयीनेच मला फोटो पाठवला. खाली जोडलेल्या हातांचं आणि दिव्याचं इमोजी.

भाऊबीजेला गेले मी. का गेले विचाराल, तर माहेर काही दुसरं मिळत नाही. आई नाही म्हणून दिवे नाहीत, गोडधोड नाही. भावाने पाकीट दिलं. भावजयीने वर एक बटवा दिला, वांगी रंगाचा. ‘आईंची आठवण, ताई. कापताना एक तुकडा उरला होता. त्यावरचं काम जरा बिघडलेलं होतं, म्हणून चौकटीत घेतला नाही.’

बिनचोचीचा राघू. बरोबर बटव्याच्या मध्यावर.

चांगला माल भिंतीला, बिघडलेला नणंदेला. मी ‘छान आहे’ म्हटलं आणि पिशवीत टाकला. बसमध्ये बसल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली. मी गेले की माझ्या अंगावरचं लुगडं ह्याच घरातून यायचंय. हीच निवडणार. कपाटातून जळायच्या लायकीचं काहीतरी काढून देईल.

घरी येऊन मी बटवा उसवायला घेतला. आई म्हणाली होती तसंच, शिवण बारीक. अस्तर काढलं, दोरी काढली, चेन काढली. हाताला मोठ्या रुमालाएवढा तुकडा आला. इस्त्री करून, कडुलिंबाचा पाला घालून स्टीलच्या डब्यात ठेवला आणि लेकीला जवळ बसवून सगळं सांगितलं. माझ्या मामाचं, आजीचं, जाकिटाचं. ‘तुझ्या मामीने काहीही आणू दे. माझ्या तोंडावर हे घालायचं. हे माझं माहेरचं.’

लेक शहाणी आहे माझी. ऐकताना रडली. मामीला दोन शिव्याही घातल्या. मग तिने डब्यातून तो तुकडा काढला, खिडकीशी नेला आणि उजेडात धरला. जरीचं काम लखलखलं. तिने राघूवरून बोट फिरवलं, परत फिरवलं.

‘आई,’ ती म्हणाली, ‘हे जाळायचं?’

मी उठले आणि तिच्या हातातून तो तुकडा काढून घेतला.