सेहेचाळिसाव्या वर्षी हेलिकॉप्टर

उडणारी चार माणसं चहाला बसली की प्रत्येकाच्या किश्शाची उंची वाढत जाते. पाचशे फुटांवर सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या कपाला पाच हजारांवर! माझे किस्से मात्र बहुतेक जमिनीपासून पुरुषभर उंचीवरचे. हेलिकॉप्टर शिकणारा माणूस बराच काळ तिथंच लटकलेला असतो.

सत्तर-एकाहत्तरचा काळ, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा. नगर जिल्ह्यात पिकांवर विमानातून औषध फवारणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी पायलट होतो. मालकांनी विमान विकलं, हेलिकॉप्टर आणलं आणि मला म्हणाले, "शिका, नाहीतर ऑफिसात बसा." ऑफिसात बसणं म्हणजे मला जिवंतपणी भिंतीवर फोटो लागल्यासारखं वाटलं. शिकायचं ठरवलं.

आमचे मेकॅनिक उस्मानभाई यंत्रावरून फडकं फिरवत म्हणाले, "साहेब, मशीन कोरं हाय. पायलट तेवढा सेकंडहँड!"

*

शिकवायला आले ते कॅप्टन साठे, वय सत्तावीस. मी त्यांना 'सर' म्हणायचो, ते मला 'काका'.

विमान हवेत थांबलं तर पडतं. हेलिकॉप्टर मात्र थांबवायलाच शिकायचं असतं! डाव्या हाताला वर-खाली नेणारा दांडा, उजव्या हातात दिशा देणारा, पायाखाली दोन पेडल्स. एकाची समजूत काढावी, तर बाकीचे रुसतात. पहिल्याच दिवशी भिंगारपलीकडच्या माळावर मी एका जागी थांबायला म्हणून निघालो आणि माळाच्या चारही कडा बघून आलो.

साठे शांतपणे म्हणाले, "काका, मैदान पुरत नाही. उद्या अख्खा तालुका मागून घेऊ!"

*

शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारबुवा रोज तंबाखू मळत आमची सर्कस बघायचे. एके दिवशी त्यांनी उस्मानभाईंना विचारलं, "ह्ये हवेत एका जागी हुभं ऱ्हातं म्हनत्यात. खरं हाय का?"

"व्हय बाबा! त्येच तर याचं खास हाय."

म्हातारबुवांनी माझ्याकडं बघितलं. "मंग ह्येला काय झालंय?"

*

घरीही सराव चालायचा. पलंगावर बसायचं, डाव्या हातात लाटणं, उजव्या हातात छत्री, पाय दोन उशांवर. डोळे मिटून मी अगदी स्थिर तरंगत होतो, तेवढ्यात बायको दारात आली.

"खाली उतरलात की लाटणं द्या," ती म्हणाली. "तवा तापलाय!"

*

मग एकट्यानं उडायचा दिवस आला. साठे उतरले. त्यांचं वजन कमी झाल्याबरोबर हेलिकॉप्टरनं नाकतोड्यासारखी उडी मारली! तरीही मी चक्कर मारून आलो, उतरलोसुद्धा. आनंदाच्या भरात माळ चुकला एवढंच. उतरलो ते एका खळ्याच्या अगदी कडेला.

पंखा थांबला. धूळ बसली. खळ्यातून एक बाई सूप घेऊन तरातरा आल्या.

"उफननी तर फुकटात झाली," त्या म्हणाल्या. "आता जवारी कुठल्या गावाला गेली, तेवढं सांगा!"

दिवस मावळेपर्यंत साठे, उस्मानभाई आणि मी खराटे घेऊन दाणे गोळा करत होतो.

*

लायसन्स मिळून थोडेच दिवस झाले होते. जामखेडकडच्या एका गावच्या सरपंचांना फवारणीची रानं मला वरून दाखवायची होती. शेजारी बसले, धोतर सावरलं आणि दोन्ही कानांत बोटं घातली. "आवाज लई हाय हो!" एवढंच ओरडून म्हणाले.

गावाच्या अलीकडं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. एकदम शांतता. खालच्या कुत्र्याचं भुंकणंसुद्धा ऐकू आलं.

अशा वेळी डावा दांडा ताबडतोब खाली दाबायचा. मग खालून येणाऱ्या वाऱ्यावर पंखा फिरत राहतो. जमिनीजवळ आलं की दांडा वर ओढायचा, पण तो एकदाच. लवकर ओढला तर खेळ खलास. साठ्यांबरोबर कितीतरी वेळा केलं होतं, पण तेव्हा इंजिन चालू असायचं! जमीन भराभर मोठी होत आली. बाजरी काढलेलं मोकळं रान दिसलं. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढं आला. दांडा ओढला.

धुरळा उडाला, एक धक्का बसला, आणि आम्ही टेकलो.

माझा शर्ट अंगाला चिकटला होता. मुठी दांड्यावरून सुटेनात. सरपंचांनी आधीच कानांतली बोटं काढली होती. ते सावकाश उतरले, टोपी झटकली, माझ्या बाजूला येऊन खांद्यावर थाप मारली.

"झ्याक आनलं राव! कसं गुमान, घारीवानी उतरलं. आता जाताना बी असंच, आवाज बंद करून न्या!"