सुनंदा मॅडमचा दुसरा ब्राउझर

सुनंदा मॅडम प्रत्येक वेबपान दोनदा तपासायच्या. आधी बड्या कंपनीच्या ब्राउझरमध्ये, जो सगळ्यांकडे असतो; मग जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त ब्राउझरमध्ये. वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कंपनीत त्या टेस्टर होत्या, मी टीम लीड. वयाने त्या बऱ्याच मोठ्या.

“फुकट मिळतो म्हणून वापरता का हो?” मी एकदा विचारलेलं.

“फुकट तर दोन्ही मिळतात, संदीप. पण याच्या आत काय शिजतंय ते कुणालाही बघता येतं. झाकलेल्या भांड्यातलं मी खात नाही.”

जेवणाच्या सुट्टीत त्या याच ब्राउझरचे मेनू मराठीत आणायच्या. एकदा ‘बुकमार्क’साठी शब्द शोधताना चहा देणाऱ्या शेवंताबाईंना विचारलं, “‘वाचनखूण’ म्हटलं तर काय कळतं?” बाई म्हणाल्या, “पुस्तकात मोरपीस ठेवतात ते.” मॅडम दिवसभर खुशीत होत्या.

मग एका कॉलेजच्या प्रवेशअर्जाचं काम आलं. मुक्त ब्राउझरमध्ये त्याचं ‘जमा करा’ बटण चालेना. मॅडम म्हणाल्या, “दोन दिवस द्या. असं पास करणार नाही मी.” साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम सोडून तो ब्राउझर वापरतं कोण?” त्यांनी मला विचारलं.

शहाडच्या एका वाचनालयाचा मेल मला आलेला होता : आमच्या जुन्या मशीनवर तोच चालतो, मुलं इथूनच अर्ज भरतात. पण काम वेळेत दिलं तर माझी बढती होती.

“फारसं कुणी नाही, सर,” मी म्हणालो.

मॅडम काही बोलल्या नाहीत. अर्जाच्या वर ओळ आली, फक्त अमुक ब्राउझरमध्येच उघडा. दुसऱ्या ब्राउझरची तपासणीच बंद झाली आणि दोन महिन्यांत मॅडमची नोकरीही गेली.

वर्षभराने कळलं, त्यांची किडनी निकामी झालीय. मी आंबिवलीला गेलो. त्या भिंतीला टेकून बसलेल्या, पाय सुजलेले. माझ्या मुलीची चौकशी केली, बहिणीला चहा टाकायला सांगितला. मग सहज म्हणाल्या, “वाचनालयाचा तो मेल मलाही आलेला रे.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“मी बोलले असते तर तू सगळ्यांसमोर खोटा पडला असतास. वाटलं, तूच सांगशील. आज नाही तर उद्या.”

“चुकलो, मॅडम.”

“मला नको सांगूस. ज्यांना सांगायचं त्यांना सांग.”

पंधरा दिवसांत त्या गेल्या. त्यांच्या आठवणीत ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ऑफिसचे सगळे आलेले. साहेब दुसऱ्या रांगेत बसलेले. मॅडमच्या बहिणीने माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर उभा राहिलो. काय सांगायचं ते पाठ करून आलेलो.

“मॅडम कामात फार चोख होत्या,” एवढंच बोललो आणि जागेवर येऊन बसलो.