चालता मंडप

दूरदृष्टी हाच व्यवस्थापकाचा खरा गुण, आणि तो रक्तातच असावा लागतो. शिकवून येत नाही. हे मत आमच्या मोठ्या साहेबांचे. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मद्रासला एका कारखान्यात मी कारकून होतो. तिथे रेल्वेच्या मालवाहू वाघिणी बांधत. दर सोमवारी साहेब हे मत आम्हाला ऐकवीत आणि ऐकवताना खिडकीबाहेर दूर कुठेतरी पाहत.

पहिली वाघीण तयार झाली. ती शेडमधून बाहेर पडताना पाहायला दिल्लीचे पाहुणे येणार होते. मंडपाची जागा मोठ्या साहेबांनी स्वतः काठीने जमिनीवर आखून दिली. मंडपवाला चाचरत म्हणाला, "सार, इथं रूळ आहेत."

"रूळ कुठे आहेत ते मला शिकवू नका."

त्याने तिथेच खड्डे खणायला घेतले. आम्ही दोऱ्या धरल्या.

समारंभाच्या सकाळी शेडची दारे उघडली. समोर ऐन रुळांवर नारळाच्या झावळ्यांचा देखणा मंडप उभा. दाराशी केळीचे खुंट, आत लाल गालिचा, आणि जिथून वाघीण जायची तिथे खुर्च्यांची रांग. मोठे साहेब पाहुण्यांना आणायला गेलेले. जाताना त्यांनी आमच्या धाकट्या साहेबांना सगळ्यांदेखत बजावले होते, "वाघीण वेळेवर हलली नाही, तर उद्यापासून तुम्ही भांडारात खिळे मोजाल."

धाकटे साहेब तंजावरचे मराठी. त्यांची मराठी एखाद्या बखरीतून उठून आल्यासारखी, आणि बखरीला कंटाळा आला की मध्येच तमिळ. वाघिणीची जोडणी त्यांच्या देखरेखीखाली झालेली. मंडप पाहून त्यांनी कपाळाला हात लावला नाही, की कोणाच्या नावाने शंख केला नाही. ते एका खांबाला टेकले आणि जमलेल्या कामगारांना म्हणाले, "अय्यो! आता सांगा, काय करावें?"

सगळेच एकदम बोलू लागले. मोडा म्हणाला एक. मंडपवाला रडकुंडीला आला, "मोडला तर संध्याकाळपर्यंत उभा राहायचा नाही!" तेवढ्यात मागून एक वेल्डर ओरडला, "मोडता कशाला? उचला की!"

लोक हसले. धाकटे साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी खांब हलवून पाहिला. "सेरी," ते म्हणाले. सेरी म्हणजे ठीक. "उचलूं या. कोण कुठे राहील तें तूं सांग अप्पा, कल्पना तुझी. मला कोणता खांब?"

वेल्डरने त्यांना उन्हातला कोपरा दिला. मला त्यांच्या शेजारचा.

आणि मग, काय सांगू, मंडप चालू लागला! खड्ड्यांतून खांब निघाले, प्रत्येकाला माणसे लटकली, "ऐलसा! ऐलसा!" असा ओरडा उठला आणि झावळ्यांचे ते अख्खे छप्पर डुलत डुलत निघाले. मंडपवाला पुढे उलटा चालत हात जोडत होता. देवाला की आम्हाला, ते कळत नव्हते. मंडपात बसलेल्या नादस्वरवाल्यांना, म्हणजे तिकडच्या सनईवाल्यांना, वाटले कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी वाजवायला घेतले आणि सावली सोडवेना म्हणून तेही आमच्याबरोबर सरकत राहिले. धाकट्या साहेबांचे धोतर सुटत आले होते आणि दोन्ही हात खांबाला. "राव, धोतर!" ते ओरडले. "सार, खांब!" मी ओरडलो. मी आयुष्यात इतका कधीच हसलो नव्हतो, आणि कचेरीत तर मुळीच नाही.

रूळ मोकळे झाले. खुर्च्या धावत आल्या. शेवटचा खांब ठोकला जात असतानाच फाटकातून मोटार आत शिरली.

मोठ्या साहेबांनी मंडप पाहिला, रूळ पाहिले. चेहऱ्याचा रंग दोनदा बदलला. पण पाहुणे बसलेसुद्धा होते. चाकांखाली लिंबे ठेवली गेली. धाकटे साहेब ओरडले, "तळ्ळू!" ढकला! शेकडो हातांनी रेटा दिला. लिंबे फुटली, आणि आमची वाघीण, जिचा प्रत्येक भाग आम्ही झोपेतही ओळखला असता, ती उन्हात आली. लोक नाचत होते. मीही, असे नंतर मला सांगण्यात आले.

पाहुणे खूश झाले. "बाजूने पूर्ण वाघीण दिसते आणि ऊनही लागत नाही. जागा फार छान निवडलीत."

"मी स्वतः आखून दिली," मोठे साहेब म्हणाले.

माझ्या ओठांवर शब्द आले होते. धाकट्या साहेबांनी माझी बाही ओढली. "जाऊं द्या, राव. वाघीण गेली ना?" आणि वेल्डरला घेऊन ते कॉफी प्यायला गेले.

भांडारात त्यांना जावे लागले नाही. विनापरवाना मंडप हलवल्याबद्दल समज मात्र मिळाली. मोठ्या साहेबांना मुंबईच्या मुख्य कचेरीत बढती मिळाली. तिथे ते नव्या व्यवस्थापकांना दूरदृष्टी शिकवीत.