वेणूच्या दिवसांचा लिलाव

त्या साली मी अंबामायशी अबोला धरला होता. माझी वेणू आठ वर्षांची, पोटात गाठ. अकोल्याच्या गोऱ्या डॉक्टरसाहेबाने यावर औषध नाही म्हणून सांगितलं, दुखणं कमी व्हायला एक बाटली दिली आणि पोरीला खुशीत ठेवा म्हणाला. किती दिवस, ते मात्र सांगेना. मला तर आकडाच हवा होता. अमरावतीला देवळात जाऊन अंबामायला विचारलं, तीही गप्प. मग मी दारी येईल त्याला विचारत सुटलो. वैद्य म्हणाले दिवाळी, जोशीबुवांनी संक्रांत काढली, आणि माझ्या बहिणीने, तिला कोणी विचारलं नसताना, होळी ठोकून दिली.

आम्ही माळी माणसं. भाजीबाजारातला लिलाव वेणूने माझ्या खांद्यावर बसून पाहिलेला. एक दिवस भेटायला आलेल्या मंडळींसमोर ती बाजेवर उठून बसली आणि अडत्यासारखी ओरडली, "दिवाळी एक वार, दिवाळी दोन वार! कोनी संक्रांत बोलते का?" जोशीबुवा जे उठले ते चपला विसरूनच गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने सगळं ऐकलं होतं.

तेवढ्यात एक अनोळखी म्हातारी कासारीण बांगड्या घेऊन ओसरीवर टेकली. वेणूने तिलाही सोडलं नाही. "बुढीमाय, तू किती बोलतं?"

म्हातारीने तिचा काडीसारखा हात हातात घेतला. "मी आजचा बोलतो, पोरी. दे मले."

वेणूने तीन वार करून टाकले.

"मंग माह्या दिसाचं काय करशीन?" म्हातारीने विचारलं.

वेणूला पाटात पाय सोडायचे होते आणि चिंच खायची होती. या दोन्ही गोष्टी वैद्यांनी बंद केलेल्या. मी तिला उचलून मळ्यात नेलं. मोटेचं पाणी पायांवरून गेलं तशी ती खुदखुदली, आणि मी ढसाढसा रडलो. कासारीण पुन्हा कधी दिसली नाही. बायको म्हणते, ती अंबामायच. मी म्हणतो, अंबामाय ठेच्यासंगं चार भाकरी खाईल का? पण अबोला मी त्याच संध्याकाळी सोडला.

पुढे रोज सकाळी मीच बोली लावायचो. दिवस मला देऊन वर वेणू कामं सांगायची. अशाच एका सकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली.

नंतर दवाखान्यात भाजी पोचवायला गेलो, तेव्हा साहेबाने विचारलं, पोरीने किती महिने काढले? मला सांगता येईना. तिने काय काय खाल्लं, कुठे कुठे पाय बुडवले, ते सगळं सांगितलं. दिवस मोजायचे राहूनच गेले, माय, तुझी कृपा.